बाप्टिस्ट म्हणजे कोण, आणि स्वीडनचे सुतार अमेरिकेत चर्च का बांधत होते?

२००६ साली लोणावळ्याजवळ गरीब कुटुंबांसाठी शंभर घरं उभी राहत होती. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या त्या कामावर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आले होते. वय ८२. डोक्यावर हेल्मेट आणि हातात अवजारं घेऊन ते इतर स्वयंसेवकांबरोबर राबले. डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचं निधन झालं तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांत दोन गोष्टी हमखास होत्या. ते निष्ठावान बाप्टिस्ट होते आणि त्यांना सुतारकामाची मनापासून आवड होती.

आपल्याकडे बहुतेकांना 'बाप्टिस्ट' हा शब्द ऐकून माहीत असतो, पण तो कॅथलिकांपेक्षा किंवा आपल्या गावातल्या प्रोटेस्टंट मंडळीपेक्षा (म्हणजे चर्चच्या सदस्यांच्या समूहापेक्षा) वेगळा कसा, हे विचारलं की गोंधळ होतो. आणि श्रद्धेचा सुतारकामाशी काय संबंध, हा प्रश्न तर मनातही येत नाही. हा संबंध सगळ्यात स्पष्ट दिसतो तो एकोणिसाव्या शतकात स्वीडनमधून अमेरिकेत गेलेल्या बाप्टिस्टांच्या आयुष्यात. कार्टर स्वीडिश वंशाचे नव्हते. पण ज्या परंपरेत माणूस रविवारी बायबल शिकवतो आणि सोमवारी हातोडा उचलतो, ती समजून घ्यायची तर या स्वीडिश सुतारांकडे जायला हवं.

आधी मूळ मुद्दा: बाप्तिस्मा कोणाचा?

बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी. कॅथलिक, लुथरन आणि इतर बऱ्याच चर्चमध्ये तो तान्ह्या बाळाचा होतो. बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं की ते चर्चचं झालं. बाप्टिस्टांना हे मान्य नाही. विश्वास ही ज्याची त्याने समजून-उमजून कबूल करायची गोष्ट आहे, आणि बाळ काहीच कबूल करू शकत नाही, असं ते म्हणतात. म्हणून त्यांच्यात बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतःच्या मागणीवरून होतो, आणि तोही संपूर्ण अंग पाण्याखाली नेऊन.

या पंथाची सुरुवात १६०९ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेल्या इंग्रजांपासून झाली असं मानतात. मराठीशीही त्याचं नातं जुनं आहे. १७९३ मध्ये बंगालमध्ये आलेला विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला बाप्टिस्ट, पेशाने चांभार. फोर्ट विल्यम कॉलेजात त्याने मराठी शिकवली. पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने तयार केलेलं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापला गेला. महाराष्ट्रातल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र बहुतांशी बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या मिशनांतून उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं तेव्हा त्यात बाप्टिस्टही सामील झाले. त्यामुळे तिथे दोन्ही पद्धती मान्य कराव्या लागल्या. बाळाचा बाप्तिस्मा की मोठ्याचा, हा वाद इतका खोल होता की त्याची तरतूद केल्याशिवाय एकी होऊच शकत नव्हती.

आता यातून पुढे काय निघतं ते पाहा, कारण सगळी गोष्ट तिथे आहे. जन्माने कोणी सदस्य होत नसेल, तर अख्खा गाव किंवा अख्खा देश आपोआप एका चर्चचा होऊ शकत नाही. मग राजाचं चर्च, सरकारी धर्म, त्यासाठी सक्तीचा कर, या सगळ्याचा पायाच निघून जातो.

मंडळी चालते कशी?

बाप्टिस्ट मंडळी ही आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेसारखी चालते. सदस्य स्वतः अर्ज करून येतात, सभेत मतदान होतं, इतिवृत्त लिहिलं जातं, वर्गणी ठरते, आणि छप्पर गळायला लागलं तर ते कोणी वरून येऊन दुरुस्त करत नाही. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, कोण असावा हेही सदस्यच ठरवतात. वर बिशप नाही. मंडळ्यांचे संघ असतात, पण ते आदेश देऊ शकत नाहीत, आणि पटलं नाही तर बाहेर पडता येतं. स्त्रियांच्या स्थानावरून मतभेद झाल्यावर कार्टर यांनी २००० मध्ये 'सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन' या बलाढ्य संघाशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. आपल्या गावच्या मारानाथा बाप्टिस्ट मंडळीत ते रविवारचा वर्ग पुढेही घेत राहिले.

या व्यवस्थेत गवंडी किंवा सुतार सदस्याचं वजन आपोआप वाढतं. सरकारी चर्चमध्ये इमारत आधीपासून असते, शतकानुशतकांची दगडी. तिथे सुताराने येऊन बाकावर बसायचं. बाप्टिस्ट मंडळीला इमारत नसते. ती उभी करणारा हात आपल्यात असेल तर मंडळीला छप्पर मिळतं, नसेल तर कोणाच्या तरी घरात जमायचं.

स्वीडनमध्ये घरात जमणं हाच गुन्हा

कोणाच्या तरी घरात जमायचं, हे म्हणणं सोपं आहे. स्वीडनमध्ये १२ जानेवारी १७२६ ला निघालेल्या राजाज्ञेने नेमकं हेच बंद केलं होतं. कुटुंबाने आपल्या घरात प्रार्थना करायला हरकत नव्हती, पण शेजारपाजारचे लोक बोलावून, पाळकाविना, बायबल वाचत बसणं बेकायदा होतं. शिक्षा दंडाची, तुरुंगाची आणि पुनःपुन्हा केलं तर हद्दपारीचीही. लुथरन चर्च हे राज्याचंच अंग होतं. गावातल्या जन्माची, लग्नाची, मृत्यूची, स्थलांतराची नोंद पाळकाच्या वहीत व्हायची.

मला या इतिहासातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती पुढची. याच सरकारी चर्चने लोकांना वाचायला शिकवलं होतं. १६८६ च्या चर्च कायद्यानंतर पाळकांनी गावोगाव कुटुंबांची परीक्षा घेण्याची रीत रुजली. घरातल्या प्रत्येकाला वाचता येतं का, धर्माची प्रश्नोत्तरं पाठ आहेत का, हे पाहून नोंद केली जायची. लिहिता न येणारे बरेच होते, पण वाचता येणाऱ्यांचं प्रमाण युरोपातल्या इतर देशांच्या मानाने फार मोठं होतं. वाचता येऊ लागलेला शेतमजूर फक्त प्रश्नोत्तरांवर थांबला नाही. तो बायबल वाचू लागला, शेजाऱ्याला वाचून दाखवू लागला, आणि मग पाळकाला प्रश्न विचारू लागला. अशा लोकांना गावात 'वाचक' म्हणत. बाप्टिस्टांची पहिली पिढी यांच्यातूनच निघाली.

फ्रेडरिक नील्सनचा खटला

फ्रेडरिक ओलाउस नील्सन हा खलाशी. जन्म १८०९ चा. अमेरिकेत असताना त्याच्यात धार्मिक बदल झाला आणि स्वीडनला परतून तो योटेबोर्ग बंदरात खलाशांमध्ये धर्मकार्य करू लागला. बाळाच्या बाप्तिस्म्याला बायबलमध्ये आधार नाही असं त्याला वाटू लागलं, तेव्हा १८४७ मध्ये तो हांबुर्गला गेला. तिथे योहान ओंकेन या जर्मन बाप्टिस्ट पुढाऱ्याने त्याला एल्ब नदीत बाप्तिस्मा दिला. पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर १८४८ ला, हालांड प्रांतात वालेर्सविकच्या समुद्रकिनाऱ्यावर पाच जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यात नील्सनची बायको होती. विधी करायला पाळक डेन्मार्कहून आला होता. नील्सन धरून ही सहा माणसं, आणि हीच स्वीडनमधली पहिली बाप्टिस्ट मंडळी.

सहा माणसांची राज्याला भीती वाटली. १८५० मध्ये न्यायालयाने नील्सनला देशाबाहेर घालवण्याची शिक्षा दिली. राजा ऑस्कर पहिला याच्याकडे केलेला अर्ज फेटाळला गेला आणि १८५१ मध्ये त्याला देश सोडावा लागला. डेन्मार्कमध्ये काही काळ काढून १८५३ मध्ये तो एका गटाबरोबर अमेरिकेला निघाला.

त्याच्या आधी तिथे गुस्ताफ पाल्मक्विस्ट नावाचा स्वीडिश शिक्षक पोहोचला होता. ऑगस्ट १८५२ मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉक आयलंड गावी मिसिसिपी नदीत त्याने तिघांना बाप्तिस्मा दिला, आणि अमेरिकेतली पहिली स्वीडिश बाप्टिस्ट मंडळी जन्माला आली.

पण हे लोक पोटासाठीच गेले नाहीत का?

ही शंका रास्त आहे, आणि बहुसंख्यांच्या बाबतीत उत्तर हो असंच आहे. १७५० मध्ये स्वीडनची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती, १८५० पर्यंत ती जवळपास दुप्पट झाली. कवी आणि बिशप एसाइआस तेग्नेर यांनी याची कारणं तीन शब्दांत सांगितली होती: शांतता, लस आणि बटाटा. माणसं वाढली, जमीन तेवढीच राहिली. वाटण्या होत होत शेताचे तुकडे पडले आणि धाकट्या मुलांच्या वाट्याला मजुरी आली. १८६७ ते १८६९ या काळात पीक बुडालं आणि दुष्काळ पडला. दुसरीकडे अमेरिकेने १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली होती. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं आणि ती कसायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत बारा लाखांहून अधिक स्वीडिश माणसं अमेरिकेला गेली. त्यातले बाप्टिस्ट थोडे.

तरीही धर्माचा वाटा नाकारता येत नाही. १८५० च्या दशकात स्वीडनमध्ये बाप्टिस्ट आईबापांची बाळं अधिकाऱ्यांनी नेऊन त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा केल्याच्या घटना घडल्या आहेत. ज्याच्या घरात हे झालं, त्याला भाकरी आणि श्रद्धा वेगवेगळ्या तागडीत घालून मोजायची गरज पडली नसेल. दोन्ही एकाच बोटीने गेल्या.

अँड्र्यू पीटरसन: एक आयुष्य जवळून

या सगळ्या लोकांत अँड्र्यू पीटरसनचं आयुष्य आपल्याला सगळ्यात जवळून पाहता येतं, कारण त्याने रोजनिशी लिहिली. १८१८ मध्ये ऑस्टरयोटलांड प्रांतात जन्मलेला हा शेतकरी १८५० मध्ये अमेरिकेत आला. काही वर्षं आयोवात काढून १८५५ मध्ये तो मिनेसोटातल्या वॅकोनियाजवळ, तळ्याकाठी स्थायिक झाला. १८९८ मध्ये मरण येईपर्यंत, म्हणजे जवळपास अर्धशतक, तो लिहीत होता. आज काय काम झालं, हवा कशी होती, कोण मदतीला आलं, आपण कोणाकडे गेलो, रविवारी उपासना कुठे झाली. भावनांना जागा नाहीच म्हटलं तरी चालेल. पण याच कोरडेपणामुळे ती रोजनिशी अनमोल झाली. पुढे एका मोठ्या स्वीडिश कादंबरीकाराने स्थलांतरितांवरच्या कादंबऱ्या लिहिताना तिचा भरपूर उपयोग केला.

ती वाचणाऱ्याला कळतं की त्या काळी 'शेतकरी' या शब्दात किती धंदे मावत होते. जंगल तोडायचं, ओंडके ओढायचे, राहतं घर बांधायचं, कोठार बांधायचं, कुंपण घालायचं, दुसऱ्याच्या घराला हात लावायला जायचं आणि त्याने आपल्याकडे यायचं. पीटरसनचं घर आणि कोठारं आजही उभी आहेत. कार्व्हर परगण्याची इतिहास संस्था ती सांभाळते. त्याला सफरचंदांचा नाद होता. मिनेसोटाच्या जीवघेण्या थंडीत कोणती झाडं तगतात, हे त्याने वर्षानुवर्षं प्रयोग करून पाहिलं आणि राज्याच्या बागायतदारांत नाव मिळवलं.

१८५५ मध्ये हद्दपार नील्सन याच भागात आला आणि 'स्कँडिया' नावाची बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली. पीटरसन तिचा सदस्य. दोन-तीन वर्षांत सदस्यांनी मिळून ओंडक्यांचं छोटं चर्च उभारलं.

ती जमीन मोकळी होती का?

नव्हती, आणि हे सांगितल्याशिवाय या लोकांची गोष्ट सांगणं अप्रामाणिक होईल. दक्षिण मिनेसोटा ही डकोटा या मूळनिवासी लोकांची भूमी. १८५१ च्या दोन करारांनी ती अमेरिकी सरकारने काढून घेतली. कबूल केलेले पैसे आणि धान्य वेळेवर मिळेनात, उपासमार सुरू झाली आणि ऑगस्ट १८६२ मध्ये युद्ध पेटलं. वॅकोनियाच्या आसपासचे वसाहतवाले घाबरून तळ्यातल्या बेटावर आणि इतरत्र पळाले. युद्ध काही आठवड्यांत संपलं. २६ डिसेंबर १८६२ ला मँकेटो गावी ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं आणि बाकीच्यांना राज्याबाहेर घालवलं गेलं.

एका राज्याने श्रद्धेपायी घालवून दिलेली माणसं, दुसऱ्या राज्याने घालवून दिलेल्या माणसांच्या जमिनीवर चर्च बांधत होती. पीटरसनने करार लिहिला नव्हता. त्याचा फायदा मात्र त्याला झाला. माझ्या मते त्याच्या कष्टांचा आदर करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

शिकवण लाकडात कशी उतरते

आता बांधकामाकडे येऊ. स्वीडनच्या खेड्यात ओंडक्याचं घर बांधायची कला पिढीजात होती. ओंडका नुसता ओंडक्यावर ठेवत नाहीत. वरच्या ओंडक्याची खालची बाजू वाकसाने अशी कोरतात की तो खालच्या ओंडक्यावर चपखल बसावा. मधल्या फटीत शेवाळ भरतात. कोपऱ्यावर खाचा पाडून दोन्ही बाजूंचे ओंडके एकमेकांत अडकवतात. लाकूड वाळेल तसं भिंत खाली बसते आणि सांधे उलट घट्ट होतात. खिळ्यांची गरज फारशी पडत नाही. म्हणजे खिळे विकत घ्यायला पैसे नसलेला स्थलांतरित कुऱ्हाड, वाकस, गिरमिट आणि दोन शेजारी एवढ्यावर घर उभं करू शकत होता.

पण चर्चला घरापेक्षा वेगळी मांडणी लागते, आणि इथे बाप्टिस्टांचा विचार थेट दिसतो. लुथरन चर्चमध्ये नजर वेदीकडे जाते आणि बाप्तिस्म्यासाठी दाराशी किंवा वेदीजवळ छोटं दगडी पात्र पुरतं. बाप्टिस्टांकडे प्रवचनाचा चौथरा मधोमध येतो, कारण वचन ऐकणं ही मुख्य गोष्ट. बाकांची रचना अशी की सगळ्यांना सगळे दिसावेत, कारण इथेच सभा भरते, मतदान होतं. आणि पाण्याचं काय? मोठा माणूस पूर्ण बुडेल इतकं पाणी हवं. सुरुवातीला तो प्रश्न तळ्याने आणि नदीने सोडवला. मिनेसोटात हिवाळ्यात बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी बर्फ कापून भोक पाडावं लागे, आणि लोक ते करत.

मंडळी शहरात गेली की सुताराची खरी परीक्षा. चौथऱ्याखाली हौद बांधायचा, वर काढता येतील अशा फळ्या घालायच्या, उतरायला पायऱ्या करायच्या. हौद गळता कामा नये म्हणून आतून जस्ताचा किंवा शिशाचा पत्रा ठोकायचा. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन होतं, म्हणजे अशा हौदाचा भार तीन-चार टनांच्या घरात सहज जातो. तो लाकडी जमिनीवर कसा पेलायचा? खालून वेगळे खांब, वेगळा पाया. कपडे बदलायला दोन्ही बाजूंना खोल्या. धर्मशास्त्रातलं एक वाक्य, 'पूर्ण बुडवून', आणि त्यातून पाया, तुळया, पत्रा, निचरा अशी कामांची रांग लागते. बाप्टिस्ट असलेला बांधकामवाला यामुळेच मंडळीला अत्यंत मोलाचा वाटे. नुसता कुशल ठेकेदार हौद बांधेल, पण फळ्या कधी निघतात, माणूस कुठून उतरतो, लोक कुठे उभे राहतात, हे त्याला कोणी तरी सांगावं लागेल.

शिकागो, आग आणि धंदा

८ ते १० ऑक्टोबर १८७१ या दिवसांत शिकागो जळालं. सतरा हजारांहून जास्त इमारती गेल्या, तीनशेच्या आसपास माणसं मेली, एक लाख बेघर झाली. शहर मुख्यतः लाकडाचं होतं. १८३० च्या दशकात इथेच एक नवी पद्धत रूढ झाली होती. जाड खांब आणि खाचांच्या सांध्यांऐवजी दोन इंच बाय चार इंचांच्या पातळ पट्ट्या जवळजवळ उभ्या करायच्या आणि यंत्रावर बनलेल्या स्वस्त खिळ्यांनी ठोकून सांगाडा तयार करायचा. दोन माणसं काही दिवसांत घर उभं करत. स्वस्त, झटपट, आणि आगीला तितकंच झटपट बळी पडणारं.

आगीनंतर मध्यवस्तीत लाकडी बांधकामावर बंदी आली, विटांचं काम वाढलं, आणि हाताला काम शोधत येणाऱ्या स्वीडिश सुतार-गवंड्यांना शहराने सामावून घेतलं. १८८० च्या दशकात एकट्या स्वीडनमधून तीन लाखांहून जास्त माणसं अमेरिकेत आली. 'शिकागो स्वीडिशांनी बांधलं' असं तिथले स्वीडिश अभिमानाने म्हणत. थोडी अतिशयोक्ती आहे, कारण आयरिश, जर्मन, पोलिश हातही तितकेच होते. पण १८६१ मध्ये स्वीडनच्या स्मोलांड प्रांतात जन्मलेला हेन्री एरिक्सन विटा रचत वर चढला आणि पुढे शिकागो शहराचा बांधकाम आयुक्त झाला, यावरून त्या समाजाची या धंद्यातली पकड कळते. हे सगळे बाप्टिस्ट नव्हते, बहुतेक लुथरनच होते. पण बाप्टिस्ट मंडळ्यांतले लोक याच कामगारवर्गातून येत.

बाप्टिस्ट पाळक घडवणारी शाळाही याच शहरात, आगीच्याच वर्षी सुरू झाली. युहान अलेक्सिस एडग्रेन हा माजी जहाज-कप्तान, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या नौदलात लढलेला. त्याने १८७१ च्या शरदात वर्ग सुरू केला तेव्हा विद्यार्थी होता एक. तीच संस्था पुढे मिनेसोटात सेंट पॉलला गेली आणि आज बेथेल युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. स्कँडिया मंडळीचं ओंडक्यांचं जुनं चर्चही पुढे तिच्याच आवारात आणून ठेवलं गेलं.

या लोकांचा आवाका अमेरिकेपुरता राहिला नाही. स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेला बाप्टिस्ट ओला हॅन्सन १८९० मध्ये बर्मात गेला. त्याने काचिन लोकांच्या भाषेसाठी रोमन अक्षरांत लेखनपद्धती बसवली आणि संपूर्ण बायबल त्या भाषेत आणलं.

स्वातंत्र्यासाठी आलेली माणसं इतकी कडक का?

दारू नाही, नाच नाही, पत्ते नाहीत, रविवारी काम नाही. चुकलेल्या सदस्याला सभेत बोलावलं जाई, आणि तो बदलला नाही तर मतदान करून काढलंही जाई. ज्यांनी सरकारी चर्चचा जाच सोसला, त्यांनीच असे नियम करावेत हे आजच्या वाचकाला खटकतं.

त्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. एक, नियम फक्त त्यांच्यासाठी होते जे स्वतः अर्ज करून आत आले. बाहेर पडणाऱ्याला दंड नव्हता, तुरुंग नव्हता. दुसरी गोष्ट पोटाची आहे. बांधकामावरच्या मजुराला आठवड्याची मजुरी हातात पडली की वाटेत दारूचं दुकान होतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या स्वीडनने घरगुती दारूने कुटुंबं उद्ध्वस्त होताना पाहिली होती. मंडळीतला न पिणारा सुतार वेळेवर येतो, उधळत नाही, हे ठेकेदारालाही कळत होतं.

पण माझं समाधान पूर्ण होत नाही. आईबापांनी निवडलेली शिस्त मुलांनी निवडलेली नसते. चौदा वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा 'स्वेच्छेने' झाला असं वहीत लिहिलं असलं, तरी अख्खं घर आणि अख्खा मोहल्ला त्या मंडळीचा असताना तिच्यापुढे दुसरी वाट किती मोकळी होती? बाप्टिस्टांच्या तत्त्वाला हा प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो, कारण त्यांनीच स्वेच्छा ही कसोटी ठरवली.

स्वीडिश बोलायलाच बंदी

अमेरिकेतही राज्य कधीच आडवं आलं नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात परक्या भाषांविषयी संशय वाढला आणि २३ मे १९१८ ला आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, रस्त्यावर, आगगाडीत, टेलिफोनवर आणि चर्चमध्येही फक्त इंग्रजी. इंग्रजी न कळणाऱ्यांनी घरात उपासना करावी. रोख मुख्यतः जर्मन बोलणाऱ्यांवर होता, पण स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन सगळेच भरडले गेले. ज्या आयोवात स्वीडिश बाप्टिस्टांच्या सुरुवातीच्या मंडळ्या वसल्या, तिथल्या म्हाताऱ्यांना आपल्या भाषेत प्रवचन ऐकण्याची चोरी झाली. युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९१८ मध्ये, ते फर्मान मागे घेतलं गेलं.

भाषा तशीही सुटत चालली होती. नातवंडं इंग्रजी शाळेत जात, रविवारचा वर्ग इंग्रजीत भरू लागला, मग सायंकाळची उपासना, शेवटी सकाळची. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या स्वीडिश बाप्टिस्ट संघाने १९४५ मध्ये आपल्या नावातून 'स्वीडिश' हा शब्द काढला. जर्मन, पोलिश, लॅटिन अमेरिकी शेजारी मंडळीत यावेत असं वाटत असेल तर नाव आड येत होतं. काहींना ते जड गेलं असणार, पण निर्णय तत्त्वाला धरून होता. जन्माने कोणी बाप्टिस्ट होत नाही, तर स्वीडिश वंशाने तरी कसं व्हायचं?

आणि स्वीडनचं काय झालं?

घरगुती उपासनेवरची १७२६ ची बंदी १८५८ मध्ये उठली. नील्सनला १८६० मध्ये माफी मिळाली आणि तो काही वर्षांसाठी मायदेशी जाऊन पुन्हा मंडळीचं काम करू लागला. नंतर तो अमेरिकेला परतला आणि १८८१ मध्ये मिनेसोटात वारला. १८६० च्या कायद्याने सरकारी चर्च सोडायची मुभा दिली, पण दुसऱ्या मान्यताप्राप्त ख्रिस्ती पंथात जायच्या अटीवर. १८७३ मध्ये नियम थोडे सैल झाले. कुठलाच धर्म न पाळता चर्चमधून बाहेर पडण्याचा पूर्ण हक्क मिळायला १९५१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा यावा लागला. त्यानंतरही चर्चच्या सदस्य आईबापांचं मूल जन्मतःच सदस्य धरलं जाई. ती पद्धत १९९६ मध्ये बंद झाली आणि सदस्यत्वासाठी बाप्तिस्मा आवश्यक ठरला. तो अजूनही बहुतेक वेळा बाळाचाच असतो. १ जानेवारी २००० ला स्वीडनचं चर्च राज्यापासून वेगळं झालं, आणि आता तेही सदस्यांच्या वर्गणीवर चालतं.